मागेच आहे

बसा रे. सोहम, तो दिवा बंदच राहू दे, डास येतात. काकूंनी चहा ठेवलाय, तो येईपर्यंत सांगतो. मघाशी पुष्कर म्हणाला ना, अण्णा, गाडीवरून जंगलातनं जाताना एखादं जनावर दिसलं म्हणजे ट्रिप वसूल. त्यावरून आठवलं. तुम्ही शुक्रवारी निघताय, खुशाल जा. जाऊ नका म्हणून सांगत नाहीये. विषय निघाला म्हणून सांगतोय.

राजरत्नला तुम्ही पाहिलंय. गणपतीत येतो बघा आपल्याकडे, उंच, चष्मेवाला. अंबरनाथला कंपनीत माझ्या हाताखाली होता, मेंटेनन्सला. बढाया मारणाऱ्यातला नाही. पंप बंद पडला तरी आधी तीनदा तपासून मग बोलणारा. त्यानं मला सांगितलं ते सांगतो, आणि शेवटचं जे आहे ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

चौघं होते ते, चौघांच्या चार मोटारसायकली. राजरत्न सगळ्यांत मोठा, म्हणून म्होरक्या. दुसरा वांगणीचा अल्पेश, घरची शेती होती, थोडी फार्महाऊसवाल्यांना विकली आणि त्यातनं मोठी गाडी घेतली. आणि सुजित-किर्ती, नवरा-बायको, बदलापूरला कात्रपमध्ये राहायचे. किर्ती बँकेत. तिची गाडी वेगळी, स्वतःच्या पगारातली, आणि चौघांत सगळ्यांत चांगली तीच चालवायची म्हणे. सुजित माणूस वाईट नव्हता. एखाद्याच्या घरी आजारपण असलं तर रात्र-रात्र बसणारा. पण राग! राग आला की समोर कोण आहे ते दिसायचं नाही त्याला.

पचमढीला जाऊन परत येत होते. दोन हजार तेवीसची थर्टीफर्स्ट, रविवार होता. आदल्या दिवशी संकष्टी झालेली, म्हणजे चंद्र उशिरा. शेवटचा मुक्काम शिर्डीला केला, तिथून संगमनेर, आळेफाटा, माळशेज असे उतरले. आळेफाट्याला पेट्रोल पंपावर एका ट्रकवाल्यानं सुजितच्या गाडीला पुसटसं खेटवलं, तर यानं त्याला केबिनमधून खाली ओढला. राजरत्न मध्ये पडला म्हणून निभावलं. किर्ती नुसती बघत होती. तिला सवय होती त्याची.

मुरबाडच्या पुढे एका गावात अल्पेशची बहीण दिलेली, तुळशी नावाची. तिला मुलगा झाला होता. अल्पेशनं पचमढीच्या बाजारातून पाळण्यावर टांगायला लाकडी पोपट घेतले होते, तेवढे देऊन पुढे जायचं होतं. पाच मिनिटांचं काम. पण बहीण सोडते का? "असे दारातनं जाताव का रं? बसा, भाकऱ्या टाकते." तांदळाच्या भाकऱ्या, कोंबडीचा रस्सा, सगळं झालं. किर्तीनं बाळाला मांडीवर घेतलं, सुजितनं त्याचे फोटो काढले. हसत होता तो तेव्हा. उठले तेव्हा अंधार पडलेला.

आता कल्याणवरून गेलं तर थर्टीफर्स्टची गर्दी, जागोजागी नाकाबंदी. म्हणून बारवी धरणाच्या रस्त्यानं सरळ बदलापूरला निघायचं ठरलं. तासाभराचा रस्ता. पुढे राजरत्न, मागे किर्ती, मग अल्पेश, आणि शेवटी सुजित.

यांच्या हेल्मेटमध्ये ते बोलायचं यंत्र असतं. इंटरकॉम. पुष्कर, तुमच्याकडे पण आहे ना? चौघं एकमेकांशी बोलत चालवतात. त्या रात्री गप्पा चालल्या होत्या, घरी जाऊन काय मागवायचं, बिर्याणी की काय. दोन्ही बाजूंना झाडी, थंडी चांगलीच. रस्त्यावर दुसरी गाडी नाही. तिघं एका वळणावरून पुढे गेले…

आणि कानात सुजितची किंकाळी.

मग धाडकन आवाज. मग पत्रा घासत गेल्याचा.

तिघं वळून परत आले. सुजितची गाडी आडवी. तो उठून बसला होता, गुडघा फुटलेला, पण धड होता. आणि रस्त्याच्या मधोमध एक जनावर पडलं होतं. आधी त्यांना वाटलं कुत्रा. मग टॉर्च टाकला. पुढून उंच, मागून उतरतं अंग, पट्टे, पाठीवर आयाळीसारखे राठ केस. तरस. आपल्याकडे आता फारसं दिसत नाही. मागचे दोन्ही पाय मोडले होते, एक तर उलटाच वळला होता. डोळे मिटलेले. हालचाल नाही.

"गेलं बहुतेक," अल्पेश म्हणाला.

सुजितचं लक्ष गाडीकडे. लेगगार्ड तुटून लोंबत होता, टाकीला चेप आलेली. "नवी गाडी आहे माझी," तो म्हणाला. मग ओरडला, "नवी गाडी आहे!" आणि त्यानं त्या जनावराच्या पोटात लाथ घातली.

तरसाची एक खोड असते. जीवावर बेतलं की ते मेल्याचं सोंग घेतं. हे यांना काय ठाऊक. दुसऱ्या लाथेला त्यानं तोंड उघडलं आणि सुजितचा बूट धरला. हाडं फोडायचा जबडा तो. बुटाचा तळवा पुठ्ठ्यासारखा फाटून निघाला. सुजित मागे पडला, उठला, आणि लोंबणारा तो लोखंडी लेगगार्ड पिरगाळून गाडीपासून उपटला त्यानं.

मग तो मारत सुटला.

डोक्यावर, पाठीवर, त्या मोडलेल्या पायांवर. जनावराला पळता येत नव्हतं. पुढच्या दोन पायांवर, चार-चार नख्या डांबरात रोवत, स्वतःला ओढत ते रस्त्याच्या कडेला जाऊ बघत होतं आणि हा त्याला शेपटीला धरून परत मधे आणत होता. ते ओरडत होतं. राजरत्न म्हणाला, साहेब, तो आवाज जनावराचा नव्हताच, एखादी म्हातारी बाई कण्हावी तसं. आणि सुजितच्या तोंडातून पण आवाज येत होता, प्रत्येक फटक्याबरोबर. शेवटी शेवटी कुठला कुणाचा ते कळेना.

"सुजित, बस! बस ना आता!" किर्तीनं त्याचा हात धरला. त्यानं बघितलं पण नाही. कोपरानं असं ढकललं की ती डांबरावर उताणी पडली. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं.

"अरे बायको हाय तुझी!" अल्पेश ओरडला. "मेलाय तो, काय करतंस?"

राजरत्ननं मागून कव घालून त्याला उचलला तेव्हा तो थांबला. लेगगार्ड रक्तानं माखलेला. त्या जनावराचा जबडा एका बाजूला लोंबत होता, एक डोळा बाहेर आलेला. तरी बरगड्या हलत होत्या की काय… राजरत्नला नीट कळलं नाही. त्यानं बघायचं टाळलं.

किर्ती उठली. हातमोजे झटकले. फार शांतपणे म्हणाली, "घरी जाऊन बोलू. तोपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलू नकोस." आणि गाडीला किक मारल्यासारखा पाय आपटून, स्टार्ट करून निघून गेली.

तिला एकटी कशी सोडणार? राजरत्न म्हणाला, "सुजित, गाडी चालू होते का बघ." झाली. हेडलाइटही लागला. "तुम्ही व्हा पुढं," सुजित म्हणाला. आता त्याला रडू येत होतं. "किर्तीला गाठा. मी येतो." राजरत्न आणि अल्पेश निघाले. वळणावरून आरशात पाहिलं तर मागे त्याचा दिवा हलला होता. निघाला तोही. बरं वाटलं.

थोडं पुढे गेल्यावर राजरत्ननं विचारलं, "सुजित, गुडघा कसा आहे?"

कानात उत्तर आलं. "मागेच आहे."

"अरे गुडघा, गुडघा."

"मागेच आहे."

किर्ती ऐकत होती, बोलली नाही. अल्पेशला वाटलं, लाजलाय, म्हणून तुटक बोलतोय. तो म्हणाला, "जाऊ दे रं, घरी चल, झोप शांत."

बराच वेळ काही नाही. नुसता श्वास. मोठा, ओला, तोंडानं घेतल्यासारखा. मग परत तेच. "मागेच आहे."

आरशात दिवा होता. जवळ येत नव्हता, लांब जात नव्हता. हे हळू झाले की तोही हळू.

मुळगावच्या अलीकडे एक टपरी लागली. बाजूला कुणाच्या तरी फार्महाऊसवर डीजे चाललेला, पोरं नाचत होती, दिव्यांच्या माळा. माणसं दिसली म्हणून तिघं थांबले. चहा सांगितला. मागचा दिवा पण थांबला. लांब, जिथं टपरीचा उजेड संपत होता त्याच्या पलीकडे.

"सुजित, ये ना पुढे," राजरत्न म्हणाला.

"मागेच आहे."

"दिसतोयस. ये, चहा घे."

"मागेच आहे."

एकाच सुरात. प्रत्येक वेळी जसंच्या तसं. चहा तसाच ठेवून किर्तीनं हेल्मेट काढलं आणि चालत निघाली. नवऱ्याशी काय ते आता इथंच बोलून टाकू, असा तिचा चेहरा. अल्पेश तिच्यामागे गेला. राजरत्न हेल्मेट घालूनच उभा राहिला, बघत.

गाडी साइड स्टँडवर उभी होती. इंजिन चालू. दिवा चालू.

वर कोणी नाही.

"सुजित?"

किर्तीनं सीटवर हात ठेवला. सीट गरम होती. आणि वास… उन्हाळ्यात खाटकाच्या मागच्या बाजूला येतो तसला. अल्पेश झाडीकडे तोंड करून हाका मारत होता, लघवीला गेला असेल म्हणून. डीजेच्या आवाजात त्याच्या हाका बुडत होत्या.

आणि त्याच वेळी, टपरीपाशी, राजरत्नच्या कानात आवाज आला. "मागेच आहे."

"सुजित, तू कुठे आहेस?"

श्वास. ओला.

"मागे म्हणजे कुठे?"

तेव्हा बोलला तो वेगळा शब्द. एकच. "किर्ती."

राजरत्ननं तिला काहीच सांगितलं नाही. नुसता म्हणाला, परत जाऊन बघू या. तिघं उलटे निघाले. रस्ताभर कडेला टॉर्च मारत गेले, कुठे काही नाही. कुठे पडलेला नाही, कुठे बसलेला नाही. असे करत करत ते पार त्या वळणापाशी आले.

सुजित तिथेच होता.

जिथे त्यांनी त्याला सोडला, तिथेच. रस्त्याच्या मधोमध. ते जनावर पडलं होतं, बरोबर त्या जागी हा पडला होता. आणि जनावर नव्हतं. ओढत नेल्याची खूण नाही, काही नाही. नुसतं त्याचं रक्त, आणि त्या रक्तावर याचं.

ऋता, नको ऐकूस पुढचं, हवं तर आत जा… नाही? बरं.

दोन्ही पिंढऱ्या फाडलेल्या. हाड दिसत होतं आणि हाडावर दातांचे चरे होते. उजवा हात कोपरापर्यंत चावलेला, बोटं दोनच धड. त्यानं झुंज दिली होती, लेगगार्ड लांब फेकल्यासारखा पडला होता, वाकलेला. हेल्मेट बाजूला. आणि गळा… इथून, हनुवटीच्या खालून इथपर्यंत. उघडा. श्वास घेतला की तिथून बुडबुडे येत होते.

जिवंत होता.

किर्तीनं जॅकेट काढून गळ्याला दाबून धरलं. ओरडली नाही, रडली नाही. "आले मी. आले ना. आले मी." इतकंच म्हणत होती. तो तिच्याकडे बघत होता. ओठ हलत होते. आवाज काही नाही.

मोबाइलला रेंज नाही. थांबायचं कोणासाठी? अल्पेश पुढे, सुजित मध्ये, मागून राजरत्ननं त्याला मिठीत धरलेला, असे तिघं एका गाडीवर. राजरत्नची गाडी तिथेच टाकली. किर्ती तिच्या गाडीवर त्यांच्यामागे, दिवा यांच्यावर धरून. सुजितच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतंच, ते तिथे रस्त्यात राहिलं. त्याची मान राजरत्नच्या खांद्यावर पडलेली, रक्त राजरत्नच्या छातीवरून पोटावर उतरत होतं, गरम. झाडीतून काहीतरी बरोबरीनं येत होतं. दिसत नव्हतं. पाचोळा वाजत होता. हे थांबले नाहीत.

टपरीच्या अलीकडे सुजितची गाडी अजून उभी होती. मघाशी तिचं तोंड बदलापूरकडे होतं, हे तिघांनाही पक्कं आठवतं. आता ती यांच्याकडे तोंड करून उभी होती. दिवा थेट डोळ्यांत.

तिच्याजवळून जाताना…

किर्तीच्या कानात. राजरत्नच्या कानात. अल्पेशच्या कानात. तिघांनी ऐकलं. सुजितच्या आवाजात, अगदी जवळून, माणूस बायकोची समजूत घालताना बोलतो तशा लाडानं.

"किर्ती… मागेच आहे."

आणि सुजित समोर. तिच्या दिव्याच्या उजेडात. मान लोंबती. गळ्यावर जॅकेट दाबलेलं.

तिघांपैकी कोणीही आरशात पाहिलं नाही.

काय रे पुष्कर? बोल ना.

"अण्णा, ती इंटरकॉमची रेंज… जास्तीत जास्त एक किलोमीटर असते. वळणाच्या रस्त्यावर तेवढी पण नाही मिळत."

हो. राजरत्नलाही ते हॉस्पिटलच्या बाकावर आठवलं. ज्या वळणावर सुजित पडला होता तिथून ती टपरी चांगली सहा-सात किलोमीटर. आणि नुसतं तेवढंच नाही. बदलापुरात पहिली पट्टी झाली, मग मुंबईला हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, हे कधी झालं? राजरत्ननं सांगितलं, आम्ही परत पोचायच्या थोडं आधी झालं असेल, कारण त्याआधी तो आमच्याशी बोलत होता. डॉक्टर म्हणाले, शक्य नाही. बदलापूरच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय, आणलं तेव्हाच पायावरचं रक्त सुकून धरलं होतं. तुम्ही निघालात आणि लगेच झालंय हे. आणि गळ्याची ही जखम झाल्यावर माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाही. एकही.

सुजित वाचला. तीन महिने होता हॉस्पिटलात. आता पांगुळगाड्यासारखं ते चार पायांचं धरून चालतो. बोलत नाही, बोलू शकत नाही. किर्तीनं नोकरी सोडली नाही, त्यालाही सोडलं नाही. मी भेटायला गेलो होतो एकदा. ती त्याला मऊ भात भरवत होती. मी निघताना दारापर्यंत आली आणि म्हणाली, "अण्णा, पहिल्यांदा जेव्हा तो मागेच आहे म्हणाला ना, तेव्हा मला वाटलं होतं, हा आवाज त्याचा नाही. बायकोला कळतं. पण मी रागात होते. मी म्हटलं, बोलायचंच नाही." एवढं सांगून आत गेली. त्या रात्री काय झालं ते सुजितला एकदा कागद देऊन विचारायचा प्रयत्न अल्पेशनं केला. त्यानं पेन धरलं डाव्या हातात. मग असा थरथरायला लागला की किर्तीनं कागद काढून घेतला. परत कोणी विचारलं नाही.

वनखात्याची माणसं येऊन गेली. आधी बिबट्या म्हणाले, मग जखमा बघून तरस म्हणाले. म्हणाले, मेलं नसेल ते, सोंग घेतलं असेल. असेलही. मी नाही म्हणत नाही. जनावराचं शरीर काही मिळालं नाही. मागचे दोन्ही पाय मोडलेलं जनावर कुठवर जाणार, हे कोणी सांगितलं नाही.

गाडी मात्र होती. सकाळी पोलिसांनी टपरीपासून उचलून आणली, पेट्रोल संपून बंद पडलेली. किर्तीला ती डोळ्यांसमोर नको होती, विकून टाका म्हणाली. राजरत्ननं उल्हासनगरला बाळाजी म्हणून एक मेकॅनिक आहे, त्याच्याकडे दिली, ठाकठीक करून गिऱ्हाईक बघायला. तयार झालेली गाडी बघायला त्याच्याबरोबर मी गेलो होतो. दुपारची वेळ होती, रस्त्यावर ही गर्दी, समोर सिंधी माणसाचं पापडाचं दुकान, तो गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होता. सगळं आपलं रोजचं.

बाळाजीनं गाडी धुऊन ठेवली होती. म्हणाला, "साब, एक खर्चा जास्ती झाला. हँडलच्या मुठींचे रबर बदलावे लागले. जुने ठेवलेत, बघून घ्या, नंतर म्हणाल उगाच बदलले." आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले ते दोन रबर त्यानं माझ्या हातात दिले.

मी कागद उलगडला.

चांगलं जाड, कडक रबर. पण आतल्या लोखंडापर्यंत कापलं गेलेलं. दोन्ही मुठींवर. ओरबाडल्यासारखं नाही… वरून निघून, गोल वळून, खालपर्यंत गेलेल्या खाचा. मूठ घट्ट आवळून धरल्यावर बोटं जशी वळतात, तशा. उजव्या मुठीवर चार. डाव्या मुठीवर चार.

मी दोन्ही रबर फिरवून फिरवून पाहिले. अंगठ्याची खाच कुठेच नव्हती.